शुक्रवारची लाल यादी

ती किल्ल्या विसरली नसती तर ही गोष्ट घडलीच नसती. आणि ती कधी काही विसरत नसे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नऊ वर्षं तिनं सीटी स्कॅनच्या यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून काढली होती, त्यात एकदाही कुणाच्या गळ्यातली साखळी काढून घ्यायची राहिली नव्हती. पण त्या दिवशी घराच्या किल्ल्या वाचनखोलीतल्या टेबलावर राहिल्या. घराच्या दाराशी तिनं पर्स उलटीपालटी केली, खिसे चाचपले, स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि भुरभुर पावसात उलट पावली हॉस्पिटलच्या तळघरात परत आली.

वाचनखोलीत पुस्तकं नव्हती. खिडकी नसलेली, अंधारी, गारठलेली खोली. एक टेबल, दोन स्क्रीन, एक चाकांची खुर्ची. तिथं हृदयं वाचायची असत.

हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारात तीन पाकळ्यांची एक झडप असते. वय झालं की कुणाकुणाच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, पाणी उकळायच्या भांड्याला क्षार धरावा तसं, आणि झडप उघडेनाशी होते. सीटीत हृदयाची एकावर एक, कापांसारखी चित्रं निघतात; त्यांत ते पांढरंशुभ्र दिसतं. त्यातला कुठला ठिपका झडपेचा आणि कुठला शेजारपाजारचा, हे माणसानं बघून एकेकावर खूण करायची. मग कॉम्प्युटर बेरीज करून एक आकडा देतो. तो आकडा सांगतो, दार किती अडलंय.

हॉस्पिटलात असा सहाशे माणसांचा अभ्यास चालला होता. प्रत्येक चित्र दोघांनी वाचायचं, पण वेगवेगळं. सकाळी आठ ते एक वाचक एक, म्हणजे ती. दुपारी दोन ते सहा वाचक दोन. मधला एक तास मुद्दाम मोकळा, दोघांची गाठ पडू नये म्हणून. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना शिपायापासून सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावून कागदावर सही घेतली होती. “अभ्यास संपेपर्यंत कामाबाहेर भेटायचं नाही. चहालासुद्धा नाही,” त्यांनी बजावलं होतं. “माणसं बोलायला लागली की हळूहळू एकमेकांच्या डोळ्यांनी बघायला लागतात. मला डोळ्यांच्या दोन जोड्या हव्यात, एक नको.”

त्यामुळे तीन आठवडे तिला वाचक दोनची ओळख होती ती फक्त खुर्चीवरून. रोज सकाळी खुर्ची पार वर चढवलेली असायची. ती स्वतः उंच, चांगली खांबासारखी. स्क्रीन डोळ्यांसमोर यायला तिला खुर्ची तळाला न्यावी लागे. पण खुर्ची उंच म्हणजे माणूसही उंच, असा उलटा हिशेब करून, आपल्यापेक्षाही उंच आणि वर ताठ मानेचा असा कुणीतरी ताडमाड गृहस्थ असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. चित्रं वाचणारी बाई, पण खुर्ची वाचताना चुकली.

तिनं दार ढकललं. खुर्चीवर एक ठेंगणासा माणूस बसला होता, आणि त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते.

“अगंबाई!” तिच्या तोंडून निघालं.

तो दचकून वळला, खुर्ची एक अख्खी गिरकी घेऊन पुन्हा तिच्यासमोर येऊन थांबली. मग त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर अंगातलं जाकीट काढून घाईघाईनं स्क्रीनवर टाकलं.

“बघू नका हं. सही केलीये आपण.”

“नाही बघत… तुम्ही वाचक दोन?”

“आणि तुम्ही खुर्ची खाली करणाऱ्या.”

“मला वाटलं होतं, तुम्ही खूप उंच असाल,” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“मलाही लहानपणी तसंच वाटायचं,” तो म्हणाला. “आई म्हणायची, वाढशील. एक्केचाळिसावं लागलंय. अजून वाट बघतोय.”

ती हसली. त्या खोलीत तिचं हसणं तिला स्वतःलाच मोठं ऐकू आलं. या आठवड्यात आपण पहिल्यांदाच हसतोय, हेही तिच्या लक्षात आलं.

त्यानं किल्ल्या रिंगला धरून तिच्यापुढे केल्या. “मघापासून काळजीच वाटत होती. म्हटलं, या घरात कशा शिरणार?”

“घरी कुणी नाही उघडायला,” ती म्हणाली. आणि हे परक्या माणसाला कशाला सांगितलं, म्हणून कानापर्यंत लाल झाली.

“हं…” तो म्हणाला. “माझ्याही नाही.”

बस, एवढंच. चार मिनिटंही झाली नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तर खुर्ची तळाला होती. खाली वाकून बघितलं, तर खुर्चीच्या दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची एक बारीक खूण: तिच्या उंचीची. निघताना जाणाऱ्या माणसानं येणाऱ्या माणसासाठी खुर्ची लावून ठेवली होती. तिनं त्या दिवशी एक वाजता कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची वर चढवली आणि त्याच्या उंचीलाही एक पट्टी चिकटवली. मग हा रोजचाच परिपाठ झाला. कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं, त्यामुळे सही मोडली असं काही म्हणता येत नव्हतं.

आता त्या सहीलाही एक पळवाट होतीच, आणि ती खुद्द मोठ्या बाईंनी ठेवलेली. दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की ती केस लाल यादीत जाई. पहिला महिना नुसत्या वाचनाचा; तो संपला की यादी दर शुक्रवारी एकला लागणार होती. तीन वाजता दोघांनी एकत्र बसून, पुन्हा चित्र बघून, भांडून एक आकडा ठरवायचा. पाच वाजता त्या आठवड्याचे आकडे हृदयरोग विभागात जायचे.

पहिल्या यादीत नऊ केसेस होत्या. त्यानं कुठून तरी एक स्टूल आणलं आणि खुर्ची तिला दिली.

“हा ठिपका झडपेचाच,” तो म्हणाला.

“अहो, कसा? तो शेजारच्या धमनीच्या तोंडातला आहे. एक चित्र वर जा. अजून एक. बघा — शिरला की नाही धमनीत?”

“पण दारातच तर उभा आहे.”

“शेजारी दारात उभा राहिला म्हणून घरातला होतो का?”

तो बराच वेळ चित्र वरखाली करत राहिला. वीस मिनिटं त्यानं हार मानली नाही. शेवटी हात जोडले. “हरलो. आजपासून शेजाऱ्याला घरात घेणार नाही.”

तेव्हापासून त्या जातीच्या ठिपक्याचं नाव ‘शेजारी’ पडलं. आणि सांगून ठेवते, तो माणूस त्या ठिपक्याला पुन्हा कधी फसला नाही. हे लक्षात असू द्या.

मग शुक्रवारमागून शुक्रवार आले. तिला कळलं की तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलातून फक्त या कामासाठी येतो, दोन वर्षांपूर्वी त्याची आई गेली, आणि तो चहात साखर टाकून ढवळायला विसरतो. त्याला कळलं की शाळेत मुलं तिला ‘शिडी’ म्हणायची.

“शिडी?” तो म्हणाला. “कमाल आहे. मला तर आयुष्यभर तिचीच गरज पडत आलीये.”

तिनं स्क्रीनकडे बघत विचारलं, “वरचा डबा काढायला?”

“डबाही…” तो म्हणाला, आणि पुढचं काही न बोलता त्यानं पुढची केस उघडली.

एकदा त्यानं विचारलं, “पुरुषांची धोक्याची रेषा दोन हजारांवर, बायकांची बाराशेवरच. असं का हो?”

“बायकांची झडप कमी कॅल्शियमलाही अडते. आकडा छोटा दिसतो, म्हणून लोकांना वाटतं, फार काही नाही.”

“आणि बायका सांगतही नाहीत.”

“विचारतं कोण?” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखी शाल सावरली.

घरी ती एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. भात लावायचा तर सगळ्यात लहान वाटीनं आणि तोही उरायचा. सकाळी निघताना ती रेडिओ चालू ठेवून जायची. संध्याकाळी कुलूप काढताना आत कुणीतरी बोलतंय असं वाटावं, एवढ्यासाठीच. हवामान सांगणाऱ्या त्या माणसाला ती कधीकधी उत्तरही द्यायची. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा.

“ताई, काय चाललंय?”

“काही नाही गं. काम.”

“कुणी भेटलं की नाही?”

“भेटतात ना. रोज दोघातिघांची हृदयं बघते.”

“आतून बघून काय उपयोग? बाहेरून बघ जरा एखाद्याला!”

आईवडील गेल्यापासून धाकटीच थोरलीसारखी वागायला लागली होती. तिनं दोनचार ठिकाणी ताईची गाठ घालूनही दिली होती. एकानं पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ‘तुम्ही सपाट चपला घालाल का?’ तिनं त्याला सपाट चपलांनीच रामराम ठोकला. ही गोष्ट ती हसत सांगे, पण त्या संध्याकाळी घरी येऊन ती आरशासमोर किती वेळ उभी होती, ते तिनं धाकटीलाही सांगितलं नव्हतं.

इकडे एक विचित्रच प्रकार व्हायला लागला. दर शुक्रवारी भांडून, समजावून, दोघं एकमेकांना शिकवत गेले. त्याची नजर तिच्यासारखी बारीक झाली, तिचा हात त्याच्यासारखा सावध. नऊच्या सहा झाल्या. सहाच्या चार. मग दोन. मग एक, ती एकच केस त्यांनी पाऊण तास पुरवून पुरवून वाचली. जितकं जुळत चाललं, तितकं भेटणं आटत चाललं. असलं जुळणं कुणाच्या वैऱ्यालाही मिळू नये.

मग एका शुक्रवारी यादी कोरीच आली. मोठ्या बाई हरखून गेल्या होत्या. “शून्य! इतक्या वर्षांत मी शून्य बघितलं नाही. शाब्बास!” त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “आता अभ्यास संपेपर्यंत असंच.”

अभ्यास संपायला नऊ महिने होते.

पुढचा शुक्रवारही कोरा गेला. तीन वाजता ती घरी खिडकीशी बसून होती, समोर एक कप चहा. आत्ता तो खाली असेल, एकटाच, पाय लोंबकळत… तिनं कप उचलला तर चहा गार झालेला. ‘तुला काय झालंय?’ असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे दिलं नाही. छत्तीस वर्षांची, नाकासमोर चालणारी बाई, आणि हृदयातल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून भांडण व्हावं म्हणून झुरत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी तिच्यासमोर केस नंबर एकशे त्रेसष्ट आली. नाव नसतंच, स्त्री, वय एकाहत्तर, एवढंच. पाकळ्यांवरचं सगळं तिनं नीट टिपलं. आकडा आला अकराशे चार. आणि दाराशी एक चांगला मोठा शेजारी उभा होता.

तिनं एक चित्र वर नेलं. ठिपका धमनीत शिरला. शंकेला जागाच नव्हती. ती परत खाली आली. बाण त्या ठिपक्यावर नेऊन ठेवला. तो कधीच खूण करणार नाही याला… मी केली तर फरक पडेल. उद्या यादीत एक केस येईल. तीन वाजता तो स्टूल आणेल, म्हणेल, ‘शेजाऱ्याला घरात घेतलंत तुम्ही?’ मी म्हणेन, हरले. आकडा दुरुस्त होईल. कुणाचं काय बिघडणार आहे…

बोट हललं. बाराशे सव्वीस.

निघताना तिनं खुर्ची वर चढवली.

संध्याकाळी भांडी घासताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकराशे चार रेषेच्या खाली. बाराशे सव्वीस रेषेच्या वर. बाईची केस! हातातली ताटली तशीच राहिली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की उद्या पाचच्या आत सगळं सरळ होणारच आहे. तो आहे ना. तो चुकायचा नाही.

शुक्रवारी एकला यादी लागली.

कोरी.

तिनं तीनदा पान उघडलं, तीनदा बंद केलं. कॉम्प्युटर बिघडला असेल म्हणून सगळा आठवडा पडताळला. सगळ्या केसेस होत्या, एकशे त्रेसष्टसुद्धा: ‘वाचकांचं एकमत.’ एकमत म्हणजे त्यानंही तोच ठिपका घेतला होता. वीस मिनिटं भांडून हरलेला, हात जोडलेला, त्यानंतर कधी न फसलेला माणूस…  चूक म्हणून तो घेणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय?

उरलं ते एकच होतं, आणि ते कळल्यावर तिला हसावं की रडावं समजेना. इतका आनंद आणि इतकी शरम तिला एकाच वेळी कधी झाली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या बाईचा आकडा खोटा होता, दोघांच्या सहीचा होता, आणि पाच वाजता जाणार होता. तो थांबवायचा तर मोठ्या बाईंसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं, ठिपका का घेतला ते. म्हणजे काम गेलं. आणि तो? आपण तोंड उघडलं की त्याचंही जाणार. न सांगावं, तर दर सकाळी खुर्ची तळाला असेल, आणि एक म्हातारी बाई न झालेल्या दुखण्याला घाबरत बसेल.

तासभर ती उपाहारगृहात पाण्याच्या ग्लासासमोर बसून होती. मग उठली आणि जिना चढून पहिल्या मजल्यावर गेली.

मोठ्या बाईंच्या दाराबाहेर एक बाक होता. बाकावर वाचक दोन बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते.

“तुम्ही… इथं?” तिनं विचारलं.

“तीन वाजलेत. शुक्रवार आहे,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “यादी नसली म्हणून काय झालं.”

ती त्याच्या शेजारी बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लावल्या होत्या, त्या दोघांनी लक्ष देऊन वाचल्या.

“एकशे त्रेसष्ट,” ती हळूच म्हणाली.

“एकशे त्रेसष्ट.”

“शेजाऱ्याला घरात घेतलंत.”

“तुम्हीही.”

“मी मुद्दाम घेतलं.”

“मग मी काय चुकून घेतलं?”

तिनं मान वळवली. तो अजून सूचनाच वाचत होता.

“मला वाटलं, तुमचा आकडा बरोबरच असणार,” ती म्हणाली. “म्हणून तर धीर केला.”

“आणि मी तुमच्या भरवशावर. जगात एक बाई चुकणार नाही याची मला खात्री होती…” तो कसनुसा हसला. “ती नेमकी माझ्यासोबत चुकली.”

“का केलंत?”

 पलीकडून एक ट्रॉली गेली, तिचं एक चाक किरकिरत होतं. ते पार लांब जाईपर्यंत तो थांबला.

“दोन शुक्रवार कोरे गेले,” तो म्हणाला. “तुम्ही दिसला नाहीत.”

“खुर्ची तर रोज लावून ठेवत होते मी.”

“खुर्ची बोलत नाही हो…”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते पुसायचं सुचलं नाही. “मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. सरळ, जसा आकडा सांगावा तसं. “आणि मला हे कामही फार आवडतं. आत गेलो की ते जाणार.”

“जाणार.”

“मला भीती वाटतेय.”

तो बाकावरून खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. ती बसलेली, तो उभा; पहिल्यांदाच दोघांचे डोळे एका रेषेत आले.

“श्वास घ्या,” तो म्हणाला.

नऊ वर्षं यंत्रापाशी हेच दोन शब्द तिनं हजारो माणसांना सांगितले होते. तिला कुणी कधी सांगितले नव्हते. तिनं श्वास घेतला.

“रोखा…” त्यानं तिचा हात हातात घेतला. बोटं बर्फासारखी होती, दोघांचीही. “आता सोडा. चला.”

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत. आधी त्यांनी कॉम्प्युटर जवळ ओढला, एकशे त्रेसष्ट नंबरची केस उघडली, स्वतः ठिपका बघितला आणि आकडा अकराशे चार केला. मग चष्मा काढला.

“त्या बाईला सोमवारी फोन गेला असता,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशनचं बघायला या म्हणून. एकाहत्तर वर्षांची बाई. मुलांना काय सांगायचं या विचारानंच अर्धी झाली असती. आणि कशासाठी? तुम्हाला स्टुलावर बसायचं होतं म्हणून!”

दोघंही खाली बघत होते. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी ते नुसत्या शरमेचं होतं.

“मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. कुंपणानंच शेत खाल्लं.” बाईंचा आवाज जरा चिरकला. “मला वाटत होतं, माझ्याकडे दोन वाचक आहेत. एकच निघाला, दोन पाळ्यांत बसणारा. मागच्या तीन आठवड्यांच्या सगळ्या केसेस आता बाहेरच्यांकडून परत वाचून घ्याव्या लागतील. तू सोमवारपासून यंत्रावर परत जा. तुम्ही तुमच्या हॉस्पिटलात.” त्यांनी एक कागद पुढे ओढला. “आणि कारण काय लिहू मी यावर?”

“लिहा, की…” त्यानं सुरुवात केली.

“तुम्ही गप्प बसा.” बाईंनी पेन उचललं, थोडा विचार केला आणि लिहिलं. कागद दोघांकडे फिरवला. ‘वाचक एकमेकांपासून स्वतंत्र राहिलेले नाहीत,’ असं त्यावर होतं. “सही करा. आधीच्या सहीसारखी नको, पाळायची सही करा.” दोघं दाराशी पोहोचले तेव्हा पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, “पाचच्या आत आलात. तेवढं मात्र लक्षात ठेवीन.”

शाल घ्यायला ती तळघरात उतरली. खुर्ची टेबलापाशी होती, दांड्यावर दोन पट्ट्या. आता इथं दुसरं कुणी बसणार, त्याला या खुणांचा अर्थ कळायचा नाही. तिनं पट्ट्या काढल्या नाहीत. स्क्रीनवरून एकदा हात फिरवला, दिवा बंद केला आणि बाहेर आली. आपल्या हातून काय गेलं हे तिला चांगलं कळत होतं.

तो फाटकाशी थांबला होता. पाऊस नव्हता, पण रस्ते ओले होते. बस सोडून दोघं चालत निघाले. चालताना फारसं कुणी बोललं नाही. इतके दिवस बंदी होती, तिची जिभेला अजून सवय होती. फक्त एका डबक्यापाशी ती ढांग टाकून पलीकडे गेली आणि वळून तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि मग सोडलाच नाही.

तिसऱ्या मजल्यावर तिनं किल्ल्या काढल्या. आतून माणसाचा आवाज येत होता. तो एकदम दोन पायऱ्या मागे सरकला.

“घरी कुणी… आहे?”

“नाही,” ती म्हणाली. “रेडिओ आहे. चालू ठेवून जाते. परत आल्यावर कुणीतरी बोलत असलं की…” पुढचं तिला सांगवलं नाही.

तो त्या दोन पायऱ्या परत चढला.

“मी स्वयंपाकघरातला दिवा ठेवतो,” तो म्हणाला. “खालून दिसतो. वाटतं, आई जागी आहे.”

तिनं दार उघडलं. आत हवामान सांगणारा माणूस उद्याच्या ढगांविषयी काहीतरी सांगत होता. ती सरळ आत गेली आणि तिनं रेडिओ बंद केला. घर एकदम शांत झालं. इतकं, की उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा श्वास तिला ऐकू आला.

“ये ना आत,” ती म्हणाली. “आणि बोल आता.”